रूफ हीटिंग केबलचं परीक्षण: डोंगरातल्या हॉटेलाचं काम बडोद्यातून घेणाऱ्यांसाठी

बडोद्यात छतावर बर्फ साचत नाही, तरी छतावरचा बर्फ वितळवणाऱ्या केबलची चौकशी बडोद्यात होते. बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. थंडीत घट्ट होणारं तेल, गंधक, मेण अशा मालाच्या पाईपांना ऊब देणारी हीट ट्रेसिंग इथल्या इलेक्ट्रिकल ठेकेदारांच्या सवयीची आहे. मग मनाली, नारकंडा किंवा गुलमर्गला हॉटेल असलेला एखादा मालक मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्याला विचारतो, छताचंही करून द्याल का? करून देता येतं, केबलही उत्तम मिळते. फक्त पाईपवरचा हिशेब जसाच्या तसा छतावर नेला की काम हमखास फसतं. पाईपला इन्सुलेशनचं कवच असतं आणि त्याचं तापमान आपल्या हातात असतं. छतावरची केबल उघड्या हवेत, उन्हात, सरकत्या बर्फाखाली आणि माकडांच्या हाताशी असते.

परीक्षण सेल्फ-रेग्युलेटिंग, म्हणजे गारठ्यानुसार आपोआप कमी-जास्त वीज ओढणाऱ्या, जातीच्या रूफ केबलचं आहे. नमुना म्हणून रेकेमची जीएम-२एक्स धरली आहे. २३० व्होल्टची ही केबल ० अंशाला बर्फाच्या पाण्यात मीटरला ३६ वॅट देते आणि त्याच तापमानाच्या कोरड्या हवेत १८ वॅट. हे दोन आकडे नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. कोटेशनं मागवताना एक खबरदारी घ्या. जुन्या कागदांवर टायको, नंतरच्यांवर पेंटेअर, मग एनव्हेंट आणि २०२५ पासून केमेलेक्स अशी कंपनीची नावं दिसतील. धंदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, पण घराणं एकच. त्यांना चार वेगवेगळे स्पर्धक समजून भावाची तुलना करत बसू नका.

आधी कौल देऊन टाकतो. कमर्शियल इमारतीच्या छतासाठी सेल्फ-रेग्युलेटिंग केबलच घ्यावी. स्वस्तातली कॉन्स्टंट-वॅटेज केबल छतावर घालू नये. केबलइतकंच महत्त्व कंट्रोलरला आहे, आणि नुसत्या थर्मोस्टॅटवर भागवणारं पॅकेज परत पाठवावं.

कारण केबलच्या पोटात आहे. दोन समांतर तांब्याच्या तारा आणि त्यांच्यामध्ये कार्बन मिसळलेला प्लास्टिकचा गाभा. गारठा असला की गाभा आकसतो, कार्बनच्या वाटा जुळतात आणि वीज जास्त वाहते. ऊब आली की तो फुगतो, वाटा तुटतात आणि वॅट उतरतात. हे केबलच्या प्रत्येक तुकड्यात वेगवेगळं घडतं, म्हणून ती हव्या त्या लांबीला कापता येते आणि चुकून एकमेकींवर आली तरी जळत नाही. कॉन्स्टंट-वॅटेज केबलला ही समज नसते. देवदाराच्या सुया पन्हळीत साचून केबल त्यांच्याखाली गाडली गेली, तरी ती तितकेच वॅट ओतत राहते. कोरड्या सुया आणि लाकडी वळचण यांच्या शेजारी असली केबल ठेवणं म्हणजे सरळ आगीला वाट करून देणं.

आता ही केबल काय करत नाही ते. ती छतावरचा सगळा बर्फ वितळवत नाही. मालकाला हे पहिल्याच बैठकीत, शक्यतो लेखी सांगा, नाहीतर जानेवारीत "वर अजून दोन फूट बर्फ आहे" म्हणून फोन येणार. खोलीतली ऊब वर जाते, छताच्या मधल्या भागावरचा बर्फ खालून विरघळतो, पाणी उतारावरून खाली येतं. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते. तिथे पाणी पुन्हा गोठतं, बांध तयार होतो, मागे साचलेलं पाणी पत्र्याच्या सांध्यातून आत शिरतं आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचं सिलिंग भिजतं. केबलचं काम या बांधातून पाण्याला जमिनीपर्यंत एक उघडी वाट ठेवणं, एवढंच. ती वाट मध्ये कुठेही तुटली तर अख्खी केबल वाया गेली समजा.

म्हणून सर्वेक्षणाला गेल्यावर आधी माळ्यावर चढा. सिलिंगवर ग्लासवूल किंवा रॉकवूल आहे का? गिझरच्या टाक्या, स्वयंपाकघराचा धुराड्याचा पाईप, लाँड्रीची वाफ माळ्यात मोकळी सोडली आहे का? तसं असेल तर पहिला खर्च तिथे करायला सांगा. उबदार माळ्याच्या छताला कितीही केबल लावली तरी पाणी येतच राहतं आणि वीज जळतच राहते.

मापं घेताना सर्वांत जास्त चुका वळचणीत होतात. केबल वळचणीच्या टोकापासून सुरू होऊन बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत ३० सेंटिमीटरपर्यंत वर गेली पाहिजे, म्हणजे गार भाग ओलांडून उबदार भागात पोहोचली पाहिजे. भिंतीबाहेर छप्पर ४५ सेंटिमीटर असेल तर उंची ७५ सेंटिमीटर झाली, आणि ती उतारावरून मोजायची, आडवी नाही. ६० सेंटिमीटरला एक पूर्ण त्रिकोण अशी नागमोडी घेतली तर एक तिरकी बाजू ८१ सेंटिमीटर येते आणि वळचणीच्या एका मीटरला साधारण २.७ मीटर केबल लागते. डोंगरात मात्र बहुतेक ठिकाणी रंगीत नळीदार पत्रा असतो. त्यावर त्रिकोण काढला तर केबल प्रत्येक उंचवट्यावर अधांतरी राहते आणि पत्र्याला टेकत नाही. तिथे पत्र्याच्या खोलगट भागातून सरळ वर, ३० सेंटिमीटर आडवी, सरळ खाली, पुन्हा ३० आडवी असं चालावं लागतं. मीटरला ३.५ मीटर केबल झाली. ४० मीटरच्या वळचणीला हा फरक ३२ मीटरचा आहे. ड्रॉइंगवरून त्रिकोणाचा हिशेब धरून माल मागवला की शेवटचे दोन कोपरे केबलविना राहतात, आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं.

पुढचा हिशेब सोपा आहे. पन्हळ १५ सेंटिमीटरपर्यंत रुंद असेल तर तळातून एक फेरी, त्याहून रुंद असेल तर दोन. दोन उतार जिथे आत मिळतात त्या व्हॅलीत तिच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापर्यंत वर जाऊन परत खाली. उभ्या पाईपात खाली जाऊन परत वर, म्हणजे उंचीच्या दुप्पट. एक उदाहरण घेऊ: ४० मीटर वळचणीला १४० मीटर, पन्हळीला ४०, ९ मीटरच्या ३ पाईपांना ५४, ६ मीटरच्या एका व्हॅलीला ८, जोडण्या आणि ठिबक-वळशांसाठी (पाणी टपकून जावं म्हणून केबलला दिलेले वळसे) १०. बेरीज २५२ मीटर. ३६ वॅटने ९ किलोवॅटच्या थोडं वर. मालकाचा मंजूर लोड आणि जनरेटर हे दोन्ही सोसणार आहेत का, ते केबल मागवण्याआधी तपासा. बर्फ पडतो त्या रात्रीच लाइन जाते आणि त्या रात्रीच खोल्यांमधले हीटर चालू असतात.

उभ्या पाईपाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण अपयशाचं पहिलं ठिकाण बहुधा हेच. पन्हळीला केबल आणि पाईप रिकामा, असं काम केलं तर वर वितळलेलं पाणी पाईपाच्या खालच्या वळणाशी येऊन गोठतं. गुठळी खालून वर वाढत जाते, पाईप फुटतो आणि पन्हळ वजनाने लोंबते. केबल पाईपाच्या तोंडापर्यंत न्यावी, पण बाहेर लोंबू देऊ नये, कारण सकाळी बर्फ ओढणाऱ्या माणसाचं फावडं तिच्यावर बसतं. पाईप जमिनीखालच्या नाळीला जोडलेला असेल तर जिथपर्यंत जमीन गोठते त्याखालपर्यंत केबल हवी. लांब उभ्या पाईपात केबलचं वजन वरच्या काठावर पडू देऊ नका. काठावर हँगर लावा, नाहीतर पत्र्याची धार दोन हिवाळ्यांत आवरण कापते.

सर्किट पाडताना या केबलचा थंड सुरुवातीचा झटका विसरू नका. गार केबल चालू करताच पहिली काही मिनिटं नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. त्यामुळे नुसत्या वॅटवरून लांबी काढायची नाही, कंपनीच्या तक्त्यातून काढायची. जीएम-२एक्सला २० अँपियरच्या सी-कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणाऱ्या) ब्रेकरवर कमाल ८० मीटर दिले आहेत. १६ अँपियरवर ते कमी होतात. वरच्या उदाहरणात सुमारे ५० मीटरची ५ सर्किटं करावीत. प्रत्येकी १.८ किलोवॅट, म्हणजे जेमतेम ८ अँपियर चालता करंट, आणि झटक्याला जागा उरते. प्रत्येक सर्किटला स्वतंत्र ३० मिलिअँपियरचा आरसीबीओ (करंटची गळती किंवा जादा करंट झाला की तोडणारा ब्रेकर) द्या. खर्च वाचवायला सगळ्यांवर मिळून एक आरसीसीबी (फक्त गळतीवर तोडणारा स्विच) बसवतात. मग एका जोडणीत ओल शिरली की पाचही सर्किटं एकदम बंद, आणि दोष कुठे आहे ते बर्फात उभं राहून शोधायचं.

जोडणीचं एक काम इतकं महत्त्वाचं आहे की ते फिटरच्या हातात किट देण्याआधी टेबलावर करून दाखवावं. केबलच्या शेवटच्या टोकाला दोन तारा दिसतात. साध्या हीटिंग वायरवर हात बसलेला माणूस त्या पिळून एकत्र करतो, कारण त्याच्या मते "सर्किट पुरं व्हायला हवं." इथे सर्किट गाभ्यातून आधीच पुरं झालेलं असतं, तारा जोडल्या की थेट शॉर्ट. टोकाला तारा वेगळ्या ठेवायच्या, मधला काळा गाभा किटमध्ये सांगितला तसा कापायचा, केबलभोवतीची तांब्याची जाळी मागे ओढून तिचा एकही केस तारांना लागणार नाही असं पाहायचं आणि मग जेल भरलेली टोपी शेवटपर्यंत दाबायची. पुरवठ्याच्या टोकाला तीच जाळी अर्थला जाते, ती कापून टाकायची नाही. काळ्या गाभ्याचा पातळ थर तारेवर राहिला तर लगमध्ये (तारेच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये) पकड नीट बसत नाही आणि जोडणी तापते. सुरी फिरवताना तारेचे धागे कापले गेले तर तो तुकडा फेका, नवा सोला. इथे घाई केली तर भरपाई जानेवारीत करावी लागते.

मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) चार वेळा हवा: रीळ हातात आल्यावर, केबल छतावर बसवल्यावर, किट जोडल्यावर आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी. दोन तारा एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला धरून ५००, १००० आणि २५०० व्होल्ट डीसीवर रीडिंग घ्या. प्रत्येक वेळी १००० मेगओमच्या वर आलं पाहिजे आणि तीन आकड्यांत मोठी तफावत नको. ५०० ला चांगलं आणि २५०० ला कोसळलं, तर आवरणाला कुठेतरी चीर आहे. नोंदी सर्किट-क्रमांकासह लिहून ठेवा. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर हाच कागद मागतात.

केबल धरून ठेवण्याचं काम स्वस्त वाटतं, पण पहिला हिवाळा तिथेच परीक्षा घेतो. गुळगुळीत रंगीत पत्र्यावरून बर्फाची अख्खी लादी सरकते आणि केबल, क्लिपा, कधी पन्हळसुद्धा घेऊन खाली जाते. वर बर्फ अडवणारे स्नो गार्ड नसतील तर केबलचं काम स्वीकारू नये, असंच आमचं मत आहे. क्लिपा स्क्रूने लावायच्या तर पत्र्याच्या उंचवट्यावर, ईपीडीएम रबराच्या वॉशरसह. खोलगटात भोक पाडलं तर गळती तुम्हीच तयार केली. चिकटवायच्या तर न्यूट्रल-क्युअर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन जस्ताचा थर खातं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ते नको. साधे पांढरे नायलॉन टाय उन्हाने ठिसूळ होतात, उंचावर तर लवकरच. काळे यूव्ही टिकणारे घ्या किंवा स्टेनलेसचे. सपाट स्लॅबवर बिटुमेनची चादर असेल तर केबलचं बाहेरचं आवरण फ्लुओरोपॉलिमरचं मागवा, साधं पॉलिओलेफिन बिटुमेनला टेकवू नका. सिमल्याच्या बाजूला माकडांचा उपद्रव ठाऊकच आहे. हाताला येणारी प्रत्येक मोकळी लांबी, विशेषतः जंक्शन बॉक्सपर्यंतची, धातूच्या कंड्युइटमधून न्या.

कंट्रोलरकडे वळू. नुसता थर्मोस्टॅट हवा ५ अंशांखाली गेली की केबल चालू करतो. डोंगरात डिसेंबर ते फेब्रुवारी बहुतेक रात्री तापमान त्याखालीच असतं, बर्फ पडो न पडो. आपल्या उदाहरणात कोरड्या छतावर २५२ मीटर केबल १८ वॅटने ४.५ किलोवॅट खाते. १२ तासांच्या रात्रीला ५४ युनिटं, आणि वितळवायला एक थेंबही नाही. तापमान अधिक ओलावा असे दोन्ही सेन्सर असलेला कंट्रोलर घेतला तर या रात्री वाचतात. ओलाव्याचा सेन्सर उत्तरेकडच्या, उन्हं न लागणाऱ्या पन्हळीत बसवा, जिथे पाणी सर्वांत शेवटी सुकतं. दक्षिणेच्या पन्हळीत बसवला तर तो दुपारीच "कोरडं" म्हणेल आणि उत्तरेचा बांध तसाच राहील. हाताने चालू-बंद करायच्या स्विचवर भिस्त ठेवू नका. ही केबल बर्फ पडायला लागल्यावर वाट मोकळी ठेवते. दीड फूट थर जमल्यावर चालू केली तर बर्फात केबलभोवती एक पोकळ बोगदा होतो, वरचा थर तसाच राहतो आणि पाणी पुढे सरकत नाही.

माल अस्सल आहे का ते बडोद्यातच पाहता येतं. रिळातून ५ मीटर कापा, एका टोकाला एंड-किट, दुसऱ्याला आरसीबीओमार्गे पुरवठा. दोन्ही टोकं बाहेर ठेवून मधली केबल लादीच्या बर्फाचा चुरा आणि पाणी भरलेल्या टबात बुडवा. १० मिनिटांनी करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ०.८ अँपियरच्या आसपास दिसायला हवं. तीच केबल मे महिन्याच्या हवेत बाहेर काढून ठेवली की आकडा ठळकपणे खाली आला पाहिजे. दोन्हीकडे करंट जवळपास सारखाच राहिला, तर सेल्फ-रेग्युलेटिंगच्या नावावर दुसरंच काही विकलं जात आहे.

राहिलं वेळापत्रक. या कामाची खरी गोची इथेच आहे. सर्वेक्षण एप्रिलमध्ये करा. बर्फ उतरलेला असतो, पण सिलिंगवरचे डाग ताजे असतात आणि पाणी कुठून आलं ते दिसतं. मे-जूनमध्ये हॉटेल भरलेलं असतं, छतावर ठोकाठोक करू देणार नाहीत. तेवढ्यात ड्रॉइंग पक्कं करून जूनमध्ये ऑर्डर द्या. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरात दरडी कोसळतात, ट्रक अडकतो. ते दोन महिने मकरपुऱ्यात पॅनेल बांधायला, वायरिंग करून कंट्रोलर तपासायला वापरा. चिकटपदार्थ धरायला कोरडा पत्रा आणि थोडी ऊब लागते, म्हणजे पाऊस ओसरल्यावर आणि थंडी बसण्याआधीचे थोडेच दिवस हातात उरतात. पण नवरात्राच्या नऊ रात्री बडोद्याचा फिटर गरबा सोडून डोंगरात येणार नाही, त्याला आग्रहही करू नये, आणि त्यापुढे दिवाळी लागते. गणपती विसर्जनानंतर घटस्थापनेपर्यंतचा पितृपंधरवडा हीच सगळ्यात सोयीची फट आहे. काही मालक त्या पंधरवड्यात नवं काम काढायला कचरतात. त्यांच्याकडे पहिला खिळा गणपतीतच ठोकून घ्यावा, मग पुढचं चालू काम ठरतं. पितृपंधरवड्याआधी अधिक मास येतो त्या वर्षी त्यानंतरचे सगळे सण पुढे सरकतात. तेव्हा पंधरवड्यापर्यंत पाऊस बऱ्यापैकी मागे हटलेला असतो, पण लाहौलसारख्या उंच जागी थंडी आणि पहिला बर्फ गाठू शकतो, तिथे ठरलेला क्रम सोडून आधी जावं.

हॉटेलवरून परत येताना दोन एंड-किट, एक जोड-किट, १० मीटर केबल आणि वीस-पंचवीस क्लिपा तिथल्या स्टोअरमध्ये कुलपात ठेवा. पॅनेलच्या दारावर आतून सर्किटचा नकाशा चिकटवा, कुठली केबल कुठल्या कोपऱ्यात संपते ते दाखवणारा. तिथल्या इलेक्ट्रिशियनला ऑक्टोबरअखेर पन्हळीतल्या सुया काढून एकदा मेगर करायला आणि एप्रिलमध्ये ब्रेकर बंद करायला शिकवा. उन्हाळ्यात चालू राहिलेली केबल थोडी का होईना वीज खाते आणि गाभा विनाकारण म्हातारा होतो.